'डिव्हाइस वापरात आहे' म्हणतंय? केबल ओढू नका, डिस्क कुणी धरून ठेवलीय ते आधी शोधा

मी कराडला लग्नाचे अल्बम डिझाइन करते. फोटोग्राफर एक्स्टर्नल हार्डडिस्कवर फोटो आणून देतात आणि काम झालं की डिस्क घेऊन जातात. लग्नसराईत दिवसाला पाच-सात डिस्क माझ्या कॉम्प्युटरला लागतात आणि निघतात. चार वर्षांपूर्वी वैशाखात अशीच एक डिस्क निघेना. 'धिस डिव्हाइस इज करंटली इन यूज' हा संदेश येत होता. डिस्क न्यायला आलेला मुलगा बाहेर गाडी चालू ठेवून उभा होता. मी सगळ्या विंडो बंद केल्या, पुन्हा इजेक्ट केलं, तरी तोच संदेश. शेवटी केबल ओढली. दुसऱ्या दिवशी त्या फोटोग्राफरच्या कॉम्प्युटरवर ती डिस्क 'फॉरमॅट करा' म्हणायला लागली.

फोटो परत मिळाले, पण नावांशिवाय आणि फोल्डरांशिवाय. हळद, सीमांतपूजन, सप्तपदी, वरात, सगळं एका ढिगात. कॅमेऱ्याने प्रत्येक फोटोत नोंदवलेली वेळ बघत तो ढीग लावायला मला चार रात्री लागल्या. त्यानंतर या एका संदेशामागे काय काय असतं ते मी चिकाटीने शिकले. ते क्रमाने लिहिते आहे. मुख्य भर विंडोज १० आणि ११ वर आहे, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत आणि दुकानांत तेच असतं. मॅक आणि लिनक्सचं पुढे थोडक्यात सांगितलं आहे.

हे आधी हाताशी ठेवा

- डिस्कचं अक्षर. 'धिस पीसी' उघडा आणि तुमची डिस्क ई, एफ, जी यांपैकी कुठल्या अक्षरावर आहे ते कागदावर लिहून ठेवा. पुढे हे सारखं लागेल.
- अ‍ॅडमिनचा पासवर्ड. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या कॉम्प्युटरवर तो तुमच्याकडे नसेल, तर पायरी ४ पासूनच्या बऱ्याच गोष्टी तिथल्या कॉम्प्युटर विभागाकडून करून घ्याव्या लागतील.
- डिस्कसोबत आलेली मूळ, आखूड केबल.
- एक रिकामी दुसरी डिस्क, निदान पहिलीएवढी मोठी. ही फक्त शेवटच्या पायरीसाठी आहे. ती लागू नये, पण लागली तर त्या वेळी दुकान उघडं नसतं.
- तीन मोफत प्रोग्राम: प्रोसेस एक्सप्लोरर (फाईल कुणी धरलीय ते दाखवणारा), क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा) आणि टेस्टडिस्क (हरवलेला डेटा शोधणारा; याच्यासोबत फोटोरेक येतंच). आजच उतरवून कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर ठेवा.
- डिस्कचं बिल आणि वॉरंटीची तारीख. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतला डेटा मिळत नाही, हे लक्षात असू द्या.
- डेस्कटॉप असेल तर यूपीएस. कॉपी चालू असताना वीज जाणं आणि केबल ओढणं, डिस्कच्या दृष्टीने दोन्ही एकच.

१. नुसती ओढली तर नेमकं काय बिघडतं

ही पायरी बरेच जण ओलांडून पुढे जातात. तसं करू नका, कारण कारण कळलं की घाईत हात आपोआप थांबतो.

कॉपीची हिरवी पट्टी पूर्ण भरली म्हणजे सगळा डेटा डिस्कवर पोचला, असं आपण धरून चालतो. ते नेहमीच खरं नसतं. डिस्कपेक्षा मेमरी कितीतरी वेगवान असते. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीम डेटा आधी मेमरीत ठेवून घेऊ शकते आणि डिस्कला सवडीने पाठवते. याला राइट कॅशिंग म्हणतात. इजेक्ट केल्यावर सिस्टीम हा राहिलेला डेटा लिहून टाकते, उघड्या फाईली आहेत का ते तपासते आणि मग परवानगी देते. संदेश येतो तेव्हा ती सांगत असते की कुणीतरी अजून फाईल सोडलेली नाही.

दुसरी गोष्ट, प्रत्येक डिस्कवर कुठली फाईल कुठे आहे याची एक नोंदवही असते. ही नोंद अर्धवट राहिली तर फाईल जागच्या जागी असूनही सापडत नाही. माझ्या त्या डिस्कचं हेच झालं होतं. ही नोंदवही ठेवण्याच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर नोंदवहीतल्या बदलांची आणखी एक रोजनिशी ठेवली जाते, म्हणून अर्धवट नोंद बहुतेक वेळा सावरता येते. पण तीही फाईलच्या आतल्या मजकुराची हमी देत नाही. फॅट३२ आणि एक्सफॅटमध्ये अशी रोजनिशीच नसते. आणि आपले बहुतेक पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याची कार्डं याच दोन पद्धतींची असतात. म्हणून 'पेनड्राइव्हच तर आहे' असं म्हणून झटकन ओढणं हार्डडिस्क ओढण्यापेक्षा कमी धोक्याचं नाही.

तिसरी गोष्ट फक्त फिरत्या हार्डडिस्कची. खिशात मावणाऱ्या २.५ इंची डिस्कमधल्या तबकड्या मिनिटाला साधारण ५४०० फेरे घेतात आणि त्यांच्या अगदी जवळून, न टेकता, वाचणारी डोकी फिरत असतात. वीज अचानक तुटली की डिस्क तबकड्यांच्या उरलेल्या गतीतून वीज मिळवते आणि डोकी बाजूला ओढून घेते. ही सोय आणीबाणीची आहे. डिस्क असा प्रत्येक प्रसंग मोजून ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 'सी०' क्रमांकापुढे 'पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट काउंट' दिसतो, तो हाच. बहुतेक डिस्कवर हा आकडा बघायला मिळतो. तुमच्या डिस्कवर एकदा बघाच. फक्त ते आकडे सुरुवातीला सोळाच्या पद्धतीत दिसतात. प्रोग्रामच्या मेन्यूतून ते साध्या दशमान पद्धतीत आणता येतात.

२. रोजची रीत

डिस्कवरच्या फाईली ज्या ज्या प्रोग्राममध्ये उघडल्या असतील ते प्रोग्राम बंद करा. नुसती फाईल मिटवून भागत नाही, प्रोग्रामच बंद करा. मग घड्याळाशेजारच्या वर तोंड केलेल्या छोट्या बाणावर क्लिक करा. तिथे यूएसबीच्या खुंटीचं चित्र असतं. त्यावर क्लिक केलं की जोडलेल्या डिस्कची नावं दिसतात. हवं ते नाव निवडून इजेक्ट करा आणि 'सेफ टू रिमूव्ह हार्डवेअर' हा संदेश येईपर्यंत थांबा.

संदेश आला तरी फिरती डिस्क लगेच उचलू नका. तबकड्या थांबायला काही सेकंद लागतात. मी डिस्कवर बोट ठेवून थरथर थांबल्याची खात्री करते, साधारण दहा सेकंद, मगच केबल काढते. केबलही वायरला धरून नाही, खुंटीला धरून सरळ काढायची. पोर्टेबल डिस्कची ती रुंद, चपटी, दोन भागांची खुंटी वाकडी ओढली की आतलं सॉकेट सैल होतं, आणि पुढच्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

एक जागा जिथे पुष्कळांची फसगत होते: एकाच डिस्कचे दोन भाग केलेले असतील, समजा ई आणि एफ, तर डिस्क एकच असल्यामुळे दोन्ही भाग मोकळे व्हावे लागतात. आपण ई बघत बसतो आणि फाईल एफवर उघडी असते.

३. अडली तर पहिली पाच मिनिटं

संदेश आला की ओके करा आणि एक मिनिट काहीही करू नका. खरंच काही करू नका. अँटिव्हायरस नुकत्याच कॉपी झालेल्या फाईली तपासत असतो, विंडोजची शोधयादी बनत असते, फोटोंच्या छोट्या प्रतिमा तयार होत असतात. यांतलं बरंचसं आपोआप संपतं. मग पुन्हा इजेक्ट करा.

तरीही नाही सुटली तर या क्रमाने बघा:

फाईल एक्सप्लोररच्या सगळ्या विंडो बंद करा, डिस्कशी संबंध नसलेल्याही. खाली मिनिमाइझ केलेलं काही राहिलंय का ते बघा. वर्ड किंवा एक्सेलची फाईल डिस्कवरून उघडली असेल तर तिच्याशेजारी त्याच नावाची, सुरुवातीला लाटेसारखी खूण असलेली एक लपलेली फाईल तयार होते. प्रोग्राम बंद केल्याशिवाय ती जात नाही. थांबवून ठेवलेला व्हिडिओही फाईल धरून ठेवतो. ब्राउझरमध्ये एखादं डाउनलोड याच डिस्कवर चालू आहे का तेही पाहा. घड्याळाशेजारच्या बाणाखाली लपलेले प्रोग्रामही तपासा: बॅकअपचे, गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हसारखे, टॉरेंटचे. हे वरून बंद दिसतात आणि आत चालू असतात.

फोटोशॉप वापरणाऱ्यांनी प्रेफरन्सेसमध्ये 'स्क्रॅच डिस्क' (फोटोशॉप काम करताना तात्पुरता डेटा ठेवतं ती) कुठली निवडली आहे ते पाहा. तिथे एक्स्टर्नल डिस्कवर खूण असेल, तर फोटोशॉप चालू आहे तोवर ती डिस्क सुटणार नाही, मग त्यावरची एकही फाईल उघडी नसली तरी. त्या दिवशी माझ्याकडे डिस्क धरून बसलेलं होतं ते हेच. फोटोशॉप बंद करायला अर्धं मिनिट लागलं असतं.

४. नाव शोधून काढा

अंदाजाने एकेक प्रोग्राम बंद करत बसण्यापेक्षा विंडोजलाच विचारा. दर वेळी कुणी अडवलं याची नोंद ते स्वतः करून ठेवतं. ही नोंद कुठे असते ते फार कमी लोकांना माहीत असतं. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा.

विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबा. येणाऱ्या यादीतून 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा. डावीकडे 'विंडोज लॉग्ज' आणि त्याखाली 'सिस्टीम' निवडा. मधे नोंदींची लांबलचक यादी येईल, तिला घाबरू नका. उजवीकडे 'फिल्टर करंट लॉग' वर क्लिक करा, 'इव्हेंट आयडी' च्या चौकटीत २२५ हा आकडा टाका आणि ओके करा. आता फक्त 'कर्नल-पीएनपी' या नावाच्या नोंदी उरतील. सगळ्यात वरची, म्हणजे ताजी नोंद उघडा. इजेक्टचा प्रयत्न केला त्या वेळेशी तिची वेळ जुळते ना तेही बघा.

त्या नोंदीत इंग्रजीत एक लांब वाक्य असतं: अमुक अ‍ॅप्लिकेशनने, अमुक प्रोसेस आयडीने, या डिव्हाइसचं इजेक्शन थांबवलं. अ‍ॅप्लिकेशनच्या लांबलचक पत्त्यातला शेवटच्या तिरक्या रेषेनंतरचा शब्द म्हणजे प्रोग्रामचं नाव. फोटोशॉप असेल तर फोटोशॉप लिहिलेलं असतं, व्हीएलसी असेल तर व्हीएलसी. तो प्रोग्राम काम सेव्ह करून नीट बंद करा आणि पुन्हा इजेक्ट करा. दहातल्या आठ-नऊ वेळा माझं काम इथेच होतं.

नाव अनोळखी असेल, तर प्रोसेस आयडीचा आकडा लिहून घ्या, टास्क मॅनेजर उघडा आणि 'डिटेल्स' मध्ये तो आकडा शोधा. इथे एक मोठा खड्डा आहे. टास्क मॅनेजर स्वतःच काही वेळा डिस्क धरून ठेवतो. मी एकदा पंधरा मिनिटं बाकी सगळे प्रोग्राम बंद करत राहिले आणि २२५ च्या नोंदीत नाव होतं टास्क मॅनेजरचंच. काम झालं की तो बंद करा आणि मगच इजेक्ट करा.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नोंद नसेल तर प्रोसेस एक्सप्लोरर वापरा. मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्स संचातलं हे साधन आहे. २००६ साली मायक्रोसॉफ्टने तो संच घेतला आणि तो आजही फुकट मिळतो. अ‍ॅडमिन म्हणून चालू करा, 'फाइंड' मेन्यूतून हँडल (म्हणजे प्रोग्रामची फाईलवरची पकड) शोधायची चौकट उघडा, त्यात डिस्कचं अक्षर आणि त्यापुढे विसर्गासारखे दोन टिंब टाका. त्या डिस्कवरची कुठली फाईल कुणाकडे उघडी आहे याची यादी येते. या प्रोग्राममध्ये 'क्लोज हँडल' ची सोयही आहे. ती वापरू नका. प्रोग्रामला न कळवता त्याच्या हातातली फाईल हिसकावून घेण्याचा तो प्रकार आहे, आणि ज्यासाठी आपण हा सगळा खटाटोप करतोय तेच नुकसान त्यातून होऊ शकतं.

५. नाव 'सिस्टीम' निघालं तर

प्रोसेस आयडी ४ आणि नाव 'सिस्टीम' असेल तर पुष्कळ जण इथेच हात टेकतात. याचा अर्थ एवढाच की अडवणारा भाग विंडोजच्या गाभ्यातून चालतो. माझ्या अनुभवात यामागे दोन गोष्टी निघाल्या.

एक म्हणजे अँटिव्हायरस. त्याचं चालू असलेलं स्कॅन पूर्ण होऊ द्या किंवा त्याच्याच विंडोतून थांबवा.

दुसरी गोष्ट दुकानांत आणि छोट्या ऑफिसांत हमखास होते. डिस्कवरचं फोल्डर नेटवर्कवर शेअर केलेलं असतं आणि शेजारच्या कॉम्प्युटरवरून कुणीतरी त्यातली फाईल उघडलेली असते. तुमच्या कॉम्प्युटरवर काहीच उघडं दिसत नाही. विंडोजची कळ आणि एक्स दाबून 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट' उघडा, 'शेअर्ड फोल्डर्स' आणि त्याखाली 'ओपन फाइल्स' बघा. कुणी काय उघडलंय ते तिथे दिसतं. उठून त्या माणसाला सांगा, तिथूनच जबरदस्तीने फाईल बंद करू नका. त्याचं काम सेव्ह व्हायचं राहिलेलं असू शकतं.

आणखी एक नाव ओळखून ठेवा: 'डब्ल्यूस्क्रिप्ट'. झेरॉक्सच्या दुकानातून किंवा सायबर कॅफेतून आलेल्या पेनड्राइव्हवर सगळी फोल्डरं शॉर्टकट झालेली दिसतात आणि पेनड्राइव्ह निघत नाही. तेव्हा बऱ्याचदा शॉर्टकट व्हायरस असतो आणि डिस्क धरून ठेवणारा प्रोग्राम हाच असतो. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका आणि पेनड्राइव्ह फॉरमॅटही करू नका. या व्हायरसमध्ये मूळ फोल्डरं सहसा लपवलेली असतात, पुसलेली नसतात. अँटिव्हायरसने कॉम्प्युटर आणि पेनड्राइव्ह दोन्ही साफ करा, मग एक्सप्लोररच्या पर्यायांतून लपलेल्या आणि सिस्टीम फाईली दाखवायला सांगा. बहुतेक वेळा सगळं जागेवर मिळतं.

६. तरीही सुटत नसेल तर

इथून पुढचे उपाय सौम्यापासून कडकाकडे जातात. क्रम मोडू नका.

पहिला उपाय, टास्क मॅनेजरमध्ये 'विंडोज एक्सप्लोरर' वर राइट क्लिक करून 'रीस्टार्ट' करा. टास्कबार क्षणभर नाहीसा होऊन परत येईल. टास्क मॅनेजर बंद करा आणि इजेक्ट करा.

दुसरा, सगळं सेव्ह करून साइन आउट करा आणि परत साइन इन करा. तुमच्या नावाने चालणारे सगळे प्रोग्राम यात बंद होतात.

तिसरा, कॉम्प्युटर बंद करा. हा सगळ्यात भरवशाचा उपाय. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं, त्यामुळे नेहमीच्या शटडाउनमध्ये सिस्टीमचा गाभा पूर्ण बंद न होता त्याची स्थिती साठवून ठेवली जाते. म्हणून शिफ्टची कळ दाबून ठेवून शटडाउनवर क्लिक करा, म्हणजे तो पूर्ण बंद होतो. पंखा थांबला की डिस्क काढा. काही कॉम्प्युटर बंद असतानाही यूएसबीला वीज देत राहतात, तेव्हा डिस्कचा दिवा चालू राहिला तरी काळजी नको. मात्र लॅपटॉपचं झाकण मिटवणं म्हणजे बंद करणं नव्हे. स्लीपमध्ये उघड्या फाईली उघड्याच राहतात. त्या अवस्थेत डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली आणि तिथे काही बदललं, तर दोन कॉम्प्युटरांच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत.

चौथा उपाय सर्व्हरसारख्या बंद न करता येणाऱ्या मशीनसाठी आहे. विंडोजची कळ आणि एक्स दाबून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. खालच्या भागात डावीकडे 'डिस्क १', 'डिस्क २' असे करडे चौकोन असतात. आपल्या डिस्कचा आकार आणि अक्षर दोनदा पडताळून त्या चौकोनावर राइट क्लिक करा आणि 'ऑफलाइन' निवडा. त्यानंतर इजेक्ट करा. उघड्या असलेल्या फाईलींचं कनेक्शन यात सरळ तुटतं, म्हणून आधी सगळं सेव्ह केलेलं असलंच पाहिजे. पेनड्राइव्हला हा पर्याय मिळत नाही. आणि पुढच्या वेळी ती डिस्क त्याच कॉम्प्युटरला लावली की 'दिसतच नाही' असं वाटेल. तेव्हा याच ठिकाणी येऊन 'ऑनलाइन' करायचं. हे विसरून एका ओळखीच्या शिक्षकांनी चांगली डिस्क बिघडली समजून दुरुस्तीला टाकली होती.

७. डिस्क आपली आपणच तुटत असेल तर

हातही न लावता डिस्क गायब होते आणि परत येते, असं होत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका. आधी वीज आणि केबल बघा. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं आणि ३.० चं ९००. फिरत्या डिस्कला सुरू होताना जास्त वीज लागते. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या यूएसबी हबवर डिस्क, माउस, कीबोर्ड आणि फोनचं चार्जिंग एकत्र टाकलं की डिस्क उपाशी राहते. डिस्क थेट कॉम्प्युटरला लावा, डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या पोर्टला. ती मदरबोर्डवरच असतात, पुढची पोर्टं आतल्या वायरीने जोडलेली असतात.

मग केबल बदलून पाहा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 'सी७' पुढचा सीआरसी एररचा (डेटा पाठवताना झालेल्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर संशय जोडणीवर जातो. एवढं करूनही तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब' च्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' आहे, तिथली वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करू देण्याची खूण काढा.

८. एक सेटिंग तपासून ठेवा

डिस्क मॅनेजमेंटमधल्या त्याच करड्या चौकोनावर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'पॉलिसीज'. तिथे दोन पर्याय असतात: 'क्विक रिमूव्हल' आणि 'बेटर परफॉर्मन्स'. पहिल्यात राइट कॅशिंग बंद असतं, दुसऱ्यात चालू ठेवता येतं. २०१८ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून 'क्विक रिमूव्हल' हा ठरलेला पर्याय झाला. तुमच्या डिस्कवर दुसरा पर्याय निवडलेला असेल आणि मोठ्या व्हिडिओवर रोज काम करण्याचं कारण नसेल, तर पहिल्यावर आणा.

याचमुळे 'आता इजेक्ट करायची गरजच उरली नाही' असा समज पसरला आहे. या पर्यायाने धोका कमी होतो, हे खरं. पण कुठला प्रोग्राम त्याच क्षणी लिहीत असेल तर फाईल अर्धवटच राहते, आणि फिरत्या तबकड्यांना या सेटिंगशी काही देणंघेणं नाही. मी आजही प्रत्येक डिस्क इजेक्ट करूनच काढते.

९. मॅक आणि लिनक्सवर

मॅकवर फाइंडरमध्ये डिस्कच्या नावापुढच्या इजेक्टच्या खुणेवर क्लिक करायचं. अडलं तर 'फोर्स इजेक्ट' असं बटण येऊ शकतं. ते लगेच दाबू नका. टाइम मशीनचा बॅकअप चालू आहे का, फोटोज अ‍ॅपची लायब्ररी त्याच डिस्कवर आहे का ते बघा. स्पॉटलाइट शोधयादी बनवत असेल तर त्याच्या सेटिंगमधल्या प्रायव्हसीच्या यादीत ती डिस्क टाका. एक्सफॅटची मोठी डिस्क आधी कुठेतरी ओढून काढलेली असेल, तर मॅकला लावल्यावर ती बराच वेळ दिसत नाही, कारण मॅक तिची तपासणी करत असतो. दिसत नाही म्हणून पुन्हा ओढली की तपासणी पुन्हा पहिल्यापासून. थांबा.

लिनक्सवर राइट कॅशिंग अगदी डोळ्यांना दिसतं: कॉपीची पट्टी भराभर संपते आणि इजेक्ट केल्यावर 'डेटा लिहिला जात आहे, काढू नका' असा संदेश बराच वेळ राहतो. स्वस्त पेनड्राइव्हवर मोठी फाईल असेल तर काही मिनिटंही. 'टार्गेट इज बिझी' आलं तर पहिल्यांदा टर्मिनल बघा. एखादं टर्मिनल त्या डिस्कच्या फोल्डरमध्ये उभं असलं तरी डिस्क सुटत नाही. ते घरच्या फोल्डरमध्ये आणा. 'लेझी अनमाउंट' चा सल्ला कुणी दिला तर तो केबल काढण्यासाठी घेऊ नका. त्यात डिस्क यादीतून दिसेनाशी होते, लिहिणं मात्र मागे चालू असू शकतं.

१०. ओढली गेलीच असेल तर

घाबरून काही करण्याआधी ऐका. डिस्कमधून टकटक किंवा खरखर असा आवाज येत असेल तर ती लगेच बंद करा आणि पुन्हा लावून बघू नका. हे काम घरी होण्यासारखं नाही, डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

आवाज नसेल तर त्याच केबलने थेट कॉम्प्युटरला परत लावा. डिस्क उघडली आणि फाईली दिसल्या, तर आधी महत्त्वाचं सगळं दुसरीकडे कॉपी करा. विंडोज 'स्कॅन अँड फिक्स' विचारेल. कॉपी झाल्यानंतरच त्याला हो म्हणा. ही तपासणी नोंदवही दुरुस्त करते, पण जे जुळत नाही त्याचे तुकडे 'फाउंड' आणि तीन शून्यं अशा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये टाकून देते. ते तुकडे कुठल्या फाईलचे हे नंतर ओळखणं कठीण जातं.

'यू नीड टू फॉरमॅट द डिस्क' हा संदेश आला तर कॅन्सल करा. डिस्कवर नवीन काहीही लिहू नका, रिकव्हरीचा प्रोग्रामसुद्धा तिच्यावर टाकू नका. आधी टेस्टडिस्क चालवून बघा. नोंदवही किंवा डिस्कचे भाग सावरता आले तर नावं आणि फोल्डरं जशीच्या तशी मिळू शकतात. टेस्टडिस्क प्रत्येक पायरीवर विचारतं. 'राइट' असं आलं आणि खात्री नसली तर तिथेच थांबा, कारण त्यापुढे ते डिस्कवर लिहितं. यादीतल्या फाईली दिसत असतील तर दुरुस्ती न करता त्या नुसत्या दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घेण्याचीही सोय त्यात आहे, आणि मी तीच आधी वापरते.

ते जमलं नाही तरच फोटोरेक. ते नोंदवहीकडे बघत नाही, डिस्कवरचा डेटा सलग वाचून फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं त्यांच्या ठेवणीवरून ओळखून काढतं. म्हणूनच नावं परत येत नाहीत. मी टेस्टडिस्कआधी हेच चालवलं होतं आणि चार रात्री त्यात गेल्या. काढलेल्या फाईली ठेवायला जागा विचारेल तेव्हा ती रिकामी दुसरी डिस्क द्या, बिघडलेली नाही. फोटो असतील तर एक्सप्लोररमध्ये 'डेट टेकन' नुसार लावा. दोन कॅमेऱ्यांनी काढलेलं लग्न असेल तर आधी 'कॅमेरा मॉडेल' नुसार वेगळं करा, मग वेळेनुसार. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं क्वचितच एकसारखी लावलेली असतात.

रिकव्हरीवाल्याकडे जायची वेळ आलीच तर एका कागदावर एवढं लिहून न्या: डिस्क कधी आणि कशी ओढली गेली, त्या वेळी काय चालू होतं, नंतर कुठला संदेश आला, तुम्ही कुठले प्रोग्राम चालवले, आणि कुठली फोल्डरं सगळ्यात आधी हवी आहेत. खर्चाचा अंदाज आणि काहीच मिळालं नाही तर किती द्यायचं, हे डिस्क हातात देण्याआधी लेखी घ्या.